मुलगी झाली, कॅज्युअल्टी छापून आली

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मला एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज मात्र ओळखीचा निघाला. पूर्वी माझ्या हाताखाली असलेल्या एका जवानाचे वडील, सातारा जिल्ह्यातले. माझी पोस्टिंग इकडे चंडीगडला, त्यांचा मुलगा आता दुसऱ्याच युनिटमध्ये, कुठेतरी उंचावर. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. एकदम म्हणाले, "साहेब, आमचं पोरगं बरं हाय न्हवं?"

मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

दहा मिनिटं खपून मी एकेक धागा सोडवला तेव्हा उलगडलं ते असं. जवानाच्या बायकोला तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. बाळाचं नाव फौजेच्या कागदांत चढलं का, असं ती विचारत होती, म्हणून युनिटमधल्या एका भल्या क्लार्कने आदेशाच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. पानावर नवऱ्याचा नंबर, रँक, नाव, आणि शेजारी ठळक अक्षरांत एक शब्द: कॅज्युअल्टी. घरात कॉलेजला जाणारा एक पुतण्या होता. त्याने मोबाइलवर अर्थ बघितला आणि मोठ्याने वाचला. पुढची ओळ, म्हणजे 'कन्यारत्न, जन्मतारीख अमुक', वाचायला कोणी थांबलंच नाही.

कॅज्युअल्टी म्हणजे ती मुलगी होती. ती त्या वेळी पाळण्यात झोपली होती.

मी त्यांना समजावलं, मुलगाही दोन दिवसांनी रेंजमध्ये आला, सगळं निभावलं. मेसमध्ये हा किस्सा सांगितला तर लोक हसतात. मीही पहिल्यांदा हसलो. पण तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, आणि आज त्याच्याशी भांडायलाच बसलो आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. जवानाच्या नोकरीत जे जे घडतं ते युनिट 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या आदेशात छापतं, आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिस आणि पगाराचं ऑफिस आपापली वही सुधारतात. लग्न झालं, मूल झालं, सुट्टीवर गेला, परत आला, बढती मिळाली, कोर्स केला, दवाखान्यात भरती झाला, मेला. या प्रत्येक नोंदीला आमच्याकडे कॅज्युअल्टी म्हणतात. 'तुमची लग्नाची कॅज्युअल्टी अजून पब्लिश झाली नाही' हे वाक्य आमचा हेड क्लार्क अत्यंत गंभीर चेहऱ्याने बोलतो. (लग्न झालेल्या वाचकांनी यावर जी कोटी सुचली असेल ती स्वतःपाशी ठेवावी. आमच्या मेसमध्ये ती तीस वर्षं जुनी आहे.)

ही आमची करामत नव्हे, वारसा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत प्रत्येक शिपायाचा एक कागद असे, आर्मी फॉर्म बी १०३. त्याचं नावच 'कॅज्युअल्टी फॉर्म'. त्यात जखमा असत तशाच बदल्या, बढत्या आणि रजाही असत. आपल्या पणजोबांचा कागद शोधणारी इंग्लंडमधली माणसं आजही हे नाव वाचून पणजोबा जखमी झाले होते अशी समजूत करून घेतात. त्यांचा तो गैरसमज शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरून होतो, आमचा चालू महिन्याच्या कागदावरून.

मुळात शब्द निरुपद्रवी आहे. लॅटिनमध्ये कासुस म्हणजे पडणं, आणि त्यावरून योगायोगाने अंगावर येऊन पडलेली गोष्ट. फासा पडतो तसं. म्हणून कॅज्युअल म्हणजे ठरवून न केलेलं. आमची कॅज्युअल लीव्ह, शनिवारचे कॅज्युअल कपडे, रोजंदारीवरचा कॅज्युअल मजूर आणि रणात पडलेला शिपाई ही सगळी एकाच घरची माणसं. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची यादी छापली जायची, तिच्या मथळ्यावरच 'रोग आणि कॅज्युअल्टी' असे दोन भाग असत. तापाने मेला तो रोगाच्या खात्यात, विहिरीत पडून मेला तो कॅज्युअल्टीच्या. पुढे इस्पितळातल्या अपघात विभागाला तेच नाव चिकटलं. इंग्रजांनी आपल्या इस्पितळांत ते बरंचसं सोडून दिलं, आपण अजून सोडलेलं नाही. पुण्यात 'ससूनच्या कॅज्युअल्टीत नेलं' म्हटलं की कोणी दचकत नाही. विमा कंपन्यांचा कॅज्युअल्टी म्हणजे आणखी तिसराच धंदा.

इथवर माझी तक्रार नाही. भाषेत एका शब्दाला दहा अर्थ असतात. आपल्या 'लागणे' या क्रियापदाला किती आहेत ते एखाद्या पंजाब्याला मराठी शिकवून पाहा. माझी तक्रार आहे ती या शब्दाचा जो खास फौजी अर्थ आहे, तो मराठीत येताना त्याचं जे होतं त्याबद्दल.

फौजी अर्थ असा: लढाईनंतर हजेरीला जो उभा राहू शकत नाही तो कॅज्युअल्टी. मेलेला, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हाती सापडलेला, सगळे. कमांडरला रात्री प्रश्न एकच असतो, उद्या सकाळी किती रायफली हातात आहेत? त्या प्रश्नापुरता मेलेला आणि मांडीत गोळी लागलेला सारखाच, दोघेही उद्या नाहीत. त्या एका कागदावर, त्या एका रात्री हा शब्द चोख आहे आणि त्याला माझा सलाम आहे. १ जुलै १९१६ ला, सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, ब्रिटिशांच्या कॅज्युअल्टी ५७,४७० होत्या. त्यातले मेलेले १९,२४०. कारगिलमध्ये आपले ५२७ गेले आणि १,३६३ जखमी झाले. म्हणजे एक गेला की त्याच्या मागे दोन-अडीच माणसं जिवंत, पण फाटलेली. कोणत्याही लढाईचा हिशेब साधारण याच अंगाने जातो.

आता आपली वर्तमानपत्रं आणि वाहिन्या काय करतात ते बघा. ती दोनच चुका करतात, पण दोन्ही बाजूंनी करतात. आकडा मोठा असेल तर कॅज्युअल्टीचं भाषांतर 'ठार'. जून २०२० मध्ये गलवाननंतर एका वृत्तसंस्थेने सूत्रांच्या हवाल्याने बातमी दिली की चीनच्या ४३ कॅज्युअल्टी झाल्या, मृत आणि गंभीर जखमी मिळून. 'मिळून' हा शब्द बातमीतच होता. पण तो गळायला वेळ लागला नाही. '४३ चिनी ठार' हा मजकूर माझ्याच शाळेच्या ग्रुपवर, माझ्याच वर्गमित्राने, तीन तिरंग्यांसह टाकला. मी दुरुस्ती केली तर म्हणाला, "तू फौजी असून चीनची बाजू घेतोस?" पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने चार मृत्यू कबूल केले. ते खरे मानावेत असं मी म्हणत नाही. पण आपल्या २० जवानांचं मोल सिद्ध करायला शेजारी ४३ चा फुगवलेला आकडा लागतो, असं वाटणाऱ्या माणसाला ते वीस कळलेले नाहीत.

दुसरी चूक मला अधिक लागते. मूळ बातमीत 'नो कॅज्युअल्टी' असो की 'नो फेटॅलिटी', मराठीत ठरलेलं वाक्य येतं: 'सुदैवाने जीवितहानी नाही.' सुरुंगस्फोट झाला, दोन जवान जखमी, सुदैवाने जीवितहानी नाही. पुढची बातमी, कांद्याचे भाव.

सुदैव ज्यांना बघायचं असेल त्यांनी इथे यावं. चंडीगडला लागून मोहाली आहे, तिथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर गेलेल्या फौजींसाठी देशात अशी दोन केंद्रं आहेत, एक मोहालीला आणि दुसरं आपल्या खडकीला. मी पुण्याजवळ तीन वर्षं एनडीएत काढली, खडकीवरून शेकडो वेळा गेलो आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाही. विशीतल्या कॅडेटला त्या फाटकाची भीती वाटते. मोहालीला मात्र जातो. तिथली माणसं स्वतःबद्दल 'सुदैव' हा शब्द वापरत नाहीत, 'दुर्दैव'ही वापरत नाहीत. ती क्रिकेटवर बोलतात, पेन्शनवर बोलतात, आणि व्हीलचेअरचं चाक जाम झालं की शिव्या घालतात. त्यांच्यापैकी जे जे स्फोटात किंवा गोळीने जायबंदी झाले, त्यांची बातमी कधीतरी, कोणत्या तरी भाषेत 'जीवितहानी नाही' अशीच छापून आली असणार.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, म्हणजे त्या रात्रीच्या कागदावर एक कॅज्युअल्टी. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. भारताचं तिथलं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि बहुतेक मराठी माणसांना ते कळले २०२४ च्या हिंदी सिनेमामुळे. एवढी दशकं का लागली याची कारणं पुष्कळ असतील. माझ्या मते त्यातलं एक हेही की आपल्या भाषेत युद्धातून दोनच माणसं परत येतात, विजयी वीर आणि तिरंग्यात गुंडाळलेला देह. मधल्या माणसाला मथळा नाही.

हिंदीवाल्यांनी एक शब्द बनवला आहे, हताहत. रचना उत्तम आहे: हत म्हणजे मारलेला, आहत म्हणजे घायाळ, दोघेही एका शब्दात. पण वापरून वापरून त्यातला आहत झिजला. इथे हिंदी वाहिनीवर 'कोई हताहत नहीं' ऐकून मी आमच्या सुभेदार साहेबांना विचारलं, याचा अर्थ काय? "मतलब, कोई मरा नहीं, साहब." शब्दाच्या पोटात बसलेला जखमी त्यांनाही दिसला नाही, आणि ते स्वतः दोनदा जखमी झालेले आहेत.

मराठीला शब्दांची ददात आहे असं मात्र कोणी सांगू नये. जखमी, घायाळ, जायबंदी, बेपत्ता, कैद, ठार, कामी आला, धारातीर्थी पडला. जो रणात पडला त्याच्यासाठी आपल्याकडे तीर्थ आहे, आणि गंमत म्हणजे 'पडणे' हेच क्रियापद लॅटिनवाल्यांच्या कासुसच्याही मुळाशी आहे. तरीही जुन्या मराठीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. चंडीगडहून दिल्लीला जाताना वाटेत पानिपत लागतं. प्रत्येक मराठी अधिकारी तिथे एकदा तरी काला आंबला गाडी थांबवतो. १७६१ च्या त्या पराभवाची खबर पेशव्यांना ज्या सावकारी पत्रातून मिळाली ते आपण शाळेत शिकतो. मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही. शाळेत हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो तो मोत्यांसाठी. वर्दी चढवल्यावर ते पत्र मी पुन्हा आठवलं तेव्हा मला खुर्दा दिसला. निरोप सांकेतिक होता, घाईचा होता, सगळं मान्य. पण आपल्याही भाषेने शिपायाला एकदा चिल्लर म्हटलेलं आहे, हे विसरून इंग्रजीला नावं ठेवू नयेत.

चंडीगडच्या सेक्टर तीनमध्ये बोगनवेलीच्या बागेत एक युद्धस्मारक आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि चंडीगडच्या आठ हजारांवर सैनिकांची नावं तिथे भिंतींवर कोरलेली आहेत. कॅज्युअल्टी नाही, नावं. तिथे येणारे म्हातारे चष्मा पुसून एका नावापाशी थांबतात, बोट फिरवतात आणि जातात. मोजत कोणी नाही.

आता या शब्दाचा सर्वांत महागडा अर्थ. फौजेत माणूस गेला की कागदावर दोनपैकी एक लिहावं लागतं, बॅटल कॅज्युअल्टी किंवा फिजिकल कॅज्युअल्टी. बोलीत बीसी आणि पीसी. हे नुसते शब्द नाहीत, घरचा चुलाच त्यावर चालतो. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. सेवेमुळे मृत्यू आला असं ठरलं तर विशेष, ६० टक्के. आणि शत्रूशी लढताना किंवा तशाच परिस्थितीत गेला तर उदारीकृत, म्हणजे पूर्ण १०० टक्के. हा फरक पुष्कळदा त्या पहिल्या रिपोर्टातल्या दोन अक्षरांपासून सुरू होतो. ती अक्षरं कोण लिहितं? माझ्यासारखा एखादा मेजर, रात्री, मेणबत्तीच्या किंवा जनरेटरच्या उजेडात.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर गस्तीच्या कामावर असलेल्या एका नायकाला रात्री श्वास लागला आणि तो गेला. आधी नोंद झाली बॅटल कॅज्युअल्टी, नंतर ती बदलून फिजिकल केली गेली. पत्नीला उदारीकृत निवृत्तिवेतन नाकारलं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला तर सरकार वरच्या न्यायालयात गेलं. न्यायालयाने अपील फेटाळलं आणि त्या बाईला इथवर ओढल्याबद्दल सरकारला ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. आधार होता फौजेचाच २००३ चा आदेश: नियंत्रण रेषेवर कामगिरीवर असताना हवामानामुळे आजार होऊन जो जातो, तो बॅटल कॅज्युअल्टी. म्हणजे नियम चांगलाच होता. तो वाचायला अकरा वर्षं गेली.

माझे काही सहकारी म्हणतील, तांत्रिक शब्द आहे, ज्यांना कळायला हवा त्यांना कळतो, उगाच भावनिक होऊ नकोस. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. तो आम्हालाही कळत नाही. कळत असता तर एकच नोंद एका टेबलावर बॅटल आणि दुसऱ्यावर फिजिकल झाली नसती. आणि 'ज्यांना कळायला हवा' त्या यादीत त्या जवानाची बायको नाही, असं ठरवलं कोणी? शब्द तिच्या दारात जातो. त्यावर तिची पोरं शिकतात.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. लग्न, मूल, रजा यांना 'नोंद' म्हणा, त्यासाठी दिल्लीहून समिती यायची गरज नाही. संपादकांनी, आकडा आला की किती गेले आणि किती जखमी हे विचारावं, आणि कळलं नाही तर कळलं नाही असं छापावं. 'सुदैवाने' हा शब्द जखमींच्या बातमीतून काढून टाकावा. आणि जो कागद घरी जातो, त्याच्यासोबत एक पान त्या घराच्या भाषेत जावं. त्या पानावर माणूस कसा गेला ते चार वाक्यांत लिहिलेलं असावं, नोंद काय केली आणि ती पटली नाही तर दाद कुठे मागायची तेही.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितो आहे ते सांगायला हवं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर होतो, नियंत्रण रेषेजवळच्या एका बर्फातल्या चौकीवर. आमच्याच देशावरचा एक जवान, चौतीस वर्षांचा, रात्रीची ड्यूटी करून स्लीपिंग बॅगमध्ये शिरला आणि सकाळी उठला नाही. गोळी नाही, स्फोट नाही. फोनवर विचारणा झाली, "बीसी या पीसी?" मी म्हटलं, पीसी. चहा सांगायला याहून जास्त वेळ लागतो. सुट्टीत त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने कागद पुढे केला आणि विचारलं, "साहेब, फिजिकल म्हणजे काय?" मी म्हटलं, शरीराशी संबंधित, म्हणजे आजारपणाने वगैरे. ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. "शरीर तर लढाईतबी जातंच की," म्हणाली. मी "नियमात तसं आहे, ताई" एवढंच बोललो आणि चहा पिऊन निघालो.

२००३ चा आदेश तेव्हाही होता. मी तो वाचला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचल्यावर शोधून वाचला, दोनदा वाचला, आणि मग तिला फोन केला. मुलगा आता बारावीला आहे. अर्ज मीच लिहून दिला. गेल्या आठवड्यात विचारणा आली आहे की मूळ रिपोर्टावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं म्हणणं सोबत जोडावं. ते लिहून झालंय, इंग्रजीत, कारण तसंच लागतं. पाठवण्याआधी उद्या तिला फोनवर मराठीत वाचून दाखवणार आहे.